नेव्हरसिंक: गरीब नदीला श्रीमंत करायला निघालेल्या माणसाची गोष्ट

डोंगरातल्या ओढ्याचं पाणी बघितलं की कुणालाही वाटतं, काय भारी पाणी आहे! तळातला एकेक गोटा मोजता येतो. गार, नितळ, कसलाही वास नाही. अशा पाण्यात मासे मजेत राहत असणार, भरपूर असणार आणि चांगले मोठेही होत असणार.

प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं असतं. पाणी इतकं नितळ आहे, कारण त्यात विरघळलेलं असं फार काही नाही. मग शेवाळ कमी, किडे कमी, आणि किड्यांवर जगणारे मासे एक तर मोजके किंवा वीतभर लांबीचे.

न्यूयॉर्कमधल्या एका बड्या घराण्यातल्या माणसाला या कोड्याने पार झपाटून टाकलं. त्यांनी अशाच एका नदीचा सुमारे चार मैलांचा पट्टा विकत घेतला आणि या गरीब पाण्यात जास्त मासे कसे वाढतील, हे शोधण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घातली. त्यांचं नाव एडवर्ड रिंगवूड हेविट. नदीचं नाव नेव्हरसिंक.

हे नाव मूळ अमेरिकन रहिवाशांच्या भाषेतून आलेलं मानलं जातं. पण इंग्रजी कानाला ते 'कधीही न बुडणारी' असंच ऐकू येतं. शेवटी या नदीचा मोठा तुकडा काठावरच्या गावासकट पाण्याखाली गेला. तो का गेला, याचं उत्तरही त्या नितळ पाण्यातच आहे.

आजोबांनी इंजिन बनवलं, वडील महापौर झाले

हेविट यांचा जन्म २० जून १८६६ चा. न्यू जर्सीतल्या रिंगवूड मॅनर या घराण्याच्या वाड्यावर त्यांचा जन्म झाला. मधलं नाव तिथूनच आलं.

घराणं साधंसुधं नव्हतं. आईचे वडील म्हणजे पीटर कूपर. अमेरिकेतलं 'टॉम थंब' हे सुरुवातीचं वाफेचं रेल्वे इंजिन १८३० मध्ये त्यांनीच बनवलं. कष्टकऱ्यांच्या मुलांना शिकता यावं म्हणून न्यूयॉर्कमध्ये 'कूपर युनियन' ही संस्थाही त्यांनीच उभी केली. वडील अब्राम हेविट लोखंडाच्या धंद्यातले मोठे उद्योजक. १८८६ च्या निवडणुकीत त्यांनी हेन्री जॉर्ज आणि थिओडोर रूझवेल्ट या दोघांना हरवलं आणि ते न्यूयॉर्क शहराचे महापौर झाले. हे महापौरपद लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

थोरले भाऊ पीटर कूपर हेविट यांनी पाऱ्याच्या वाफेवर चालणारा दिवा शोधला. सेरा आणि एलेनोर या बहिणींनी १८९७ मध्ये एक संग्रहालय सुरू केलं. आज ते 'कूपर हेविट' या नावाने डिझाइनचं जगप्रसिद्ध संग्रहालय म्हणून ओळखलं जातं.

अशा घरात वाढलेला मुलगा स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. एडवर्ड यांनी प्रिन्स्टनमध्ये शिक्षण घेतलं आणि रसायनशास्त्राची वाट धरली. हायरम मॅक्सिम यांनी इंग्लंडमध्ये वाफेवर उडणारं अवाढव्य यंत्र बनवायला घेतलं होतं, त्या कामात त्यांनी हात लावला. पुढे मोटारी बनवणारी स्वतःची कंपनी काढली. ती कंपनी नंतर मॅक ट्रकवाल्यांच्या समूहात गेली आणि मॅकचा 'एबी' हा गाजलेला ट्रक घडवण्यात हेविट यांचा मोठा वाटा होता.

म्हणजे एकीकडे रसायनं, दुसरीकडे इंजिनं. पण लहानपणापासून जीव अडकला होता तो तिसऱ्याच गोष्टीत. गळ घेऊन ट्राउट पकडण्यात.

ट्राउट हे प्रकरण नक्की काय आहे?

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा गार भागांत आढळतो. तिथेही तो मूळचा नाही, ब्रिटिशांच्या काळात बाहेरून आणलेला आहे. त्याला पाणी गार लागतं आणि त्यात ऑक्सिजन भरपूर लागतो. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सियसच्या वर जाऊ लागलं की त्याची तब्येत बिघडायला लागते.

नदीतल्या ट्राउटचं मुख्य खाणं म्हणजे किडे. दगडांखाली राहणाऱ्या अळ्या, पाण्यातून बाहेर पडून उडणाऱ्या छोट्या माश्या, काठावरच्या झाडांवरून टपकणारे नाकतोडे आणि मुंग्या. म्हणून तर त्याला पकडण्याच्या पद्धतीला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून हुबेहूब माशी बनवायची आणि ती पाण्यावर अशी टाकायची की ट्राउट फसला पाहिजे.

हेविट या कलेतले उस्ताद मानले जात. त्यांनी 'बायव्हिजिबल' नावाची कृत्रिम माशी लोकप्रिय केली. तिच्या गडद पिसांच्या पुढे पांढरं पीस असतं, त्यामुळे ती माशालाही दिसते आणि संधिप्रकाशात मासेमारालाही. 'नेव्हरसिंक स्केटर' ही दुसरी माशी तर पाण्याच्या पृष्ठभागावर अक्षरशः घसरत जाते.

पण त्यांचा स्वभाव शास्त्रज्ञाचा. पाण्याखालून वर बघताना माशाला काय दिसत असेल, हे समजून घ्यायला त्यांनी काचेच्या टाक्या आणि कॅमेरा वापरून प्रयोग केले. माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं आणि त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. हे भौतिकशास्त्र गळ टाकणाऱ्याच्या काय कामाचं, ते त्यांनी सोपं करून सांगितलं. १९२६ मध्ये ट्राउटवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या चार वर्षं आधी सॅल्मन माशावरचं पुस्तक येऊन गेलं होतं.

मासेमाराच्या आयुष्यात तीन टप्पे असतात, ही अमेरिकेतल्या गळवाल्यांमध्ये सांगितली जाणारी गोष्टही त्यांच्याच नावावर आहे. आधी त्याला जास्तीत जास्त मासे हवे असतात, मग सगळ्यात मोठा मासा हवा असतो आणि शेवटी सगळ्यात अवघड मासा. हेविट स्वतः आणखी एक पायरी पुढे गेले. मासे पकडण्यापेक्षा मासे येतात कुठून, हा प्रश्न त्यांना मोठा वाटायला लागला.

नदी सुंदर, पण खिसा रिकामा

न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत. त्यातलं सगळ्यात उंच शिखर स्लाइड माउंटन, उंची सुमारे १२७४ मीटर. नेव्हरसिंकच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही शाखा याच डोंगरावर उगम पावतात, क्लॅरीव्हिल या गावापाशी एकत्र येतात आणि पुढे नदी डेलावेअरला जाऊन मिळते.

पहिलं महायुद्ध संपत आलं त्या सुमारास हेविट यांनी या नदीकाठी जमीन घ्यायला सुरुवात केली. अमेरिकन फ्लाय फिशिंगमधलं हे तसं तीर्थक्षेत्र. थिओडोर गॉर्डन हे या खेळातलं मोठं नाव, त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं याच नदीकाठी काढली आणि १९१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण तोवर नदीची हालत काही फार चांगली नव्हती. एकोणिसाव्या शतकात या डोंगरांमध्ये कातडी कमावण्याचे कारखाने निघाले होते. कातडी कमावायला हेमलॉक झाडाची साल लागायची. सालीसाठी जंगलंच्या जंगलं आडवी झाली. सावली गेली, पाणी तापायला लागलं, पाऊस पडला की डोंगरावरची माती थेट नदीत. इथला मूळचा ब्रूक ट्राउट मागे हटला. त्याच्या जागी १८८० च्या दशकात युरोपातून आणलेला ब्राउन ट्राउट सोडण्यात आला. तो थोडं जास्त तापलेलं पाणी सहन करू शकतो.

जंगल हळूहळू परत वाढलं, पण एक गोष्ट बदलणं कुणाच्या हातात नव्हतं. ती म्हणजे खालचा खडक.

कॅट्सकिलचे डोंगर वालुकाश्म, शेल आणि गारगोटीच्या खड्यांच्या थरांचे आहेत. या खडकांत चुना अगदी थोडा. पावसाचं पाणी त्यावरून वाहत खाली येतं, पण येताना फारसं काही विरघळवून आणत नाही. कॅल्शियम कमी, फॉस्फरस कमी, पाणी किंचित आम्लधर्मी. रसायनशास्त्र शिकलेल्या हेविट यांच्यासाठी ही नदी म्हणजे जवळजवळ कोरा कागद होता.

इथे फॉस्फरसचं गणित समजून घेतलं पाहिजे. शेतात खत नसेल तर पीक खुरटं राहतं. पाण्यातलं पीक म्हणजे दगडांवरचं शेवाळ. ते वाढायला फॉस्फरस आणि नायट्रोजन लागतो. शेवाळ खुरटं, तर त्यावर चरणारे किडे कमी. किडे कमी, तर ट्राउट उपाशी. त्यातही प्रत्येक पायरीवर गळती असते. ढोबळ नियम असा की एका पायरीवर जेवढं अन्न तयार होतं, त्यातलं साधारण दहा टक्केच पुढच्या पायरीच्या अंगाला लागतं. म्हणजे तळाशी थोडी टंचाई झाली की वरच्या माशापर्यंत येता येता अगदी चिमूटभर उरतं.

हेविट यांनी काय करून बघितलं?

त्या काळातला सरधोपट उपाय एकच होता. मासे कमी झाले? मग हॅचरीतून बोटुकली आणा आणि नदीत सोडा. अजून कमी आहेत? अजून सोडा.

हेविट यांनीही हॅचरी चालवली, ट्राउट वाढवले, नदीत सोडले. माशांना काय खाऊ घातलं की ते नीट वाढतात, यावर त्यांनी प्रयोग केले. १९३५ मध्ये त्यांनी ट्राउट वाढवणं आणि सोडणं यावर एक हस्तपुस्तिकाच लिहिली. पण नुसते मासे ओतून प्रश्न सुटत नाही, हे त्यांच्या कामातून दिसतं. १९३१ मध्ये ट्राउटच्या नद्या कशा सुधारायच्या यावर त्यांचं पुस्तक आलं, त्याच्या उपशीर्षकातच दोन गोष्टींवर जोर आहे. ट्राउटच्या सवयी आणि त्याचा अन्नपुरवठा.

आज हे साधं वाटेल. पण गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी नदीकडे शेतासारखं बघायचं, तिची पैदास करण्याची ताकद तपासायची, हा विचार तेव्हा नवा होता.

दुसरं काम होतं बंधाऱ्यांचं. इथे त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. कॅट्सकिलमध्ये पूर आला की धाडकन येतो. अशा पुराने नदीचं पात्र सपाट आणि पसरट होतं. मग उन्हाळ्यात सगळीकडे घोट्याएवढं पाणी. माशाला लपायला जागा नाही, उन्हापासून आडोसा नाही, हिवाळ्यात थांबायला खोल डोह नाही.

हेविट यांनी ओंडके आणि फळ्यांचे बुटके बंधारे बांधले. फळ्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला उतरत्या बसवायच्या, म्हणजे पुराचं पाणी आणि त्यासोबतचे गोटे वरून घसरून जातात आणि बंधारा टिकतो. वरून पडणारं पाणी खालच्या बाजूला स्वतःच खड्डा खणतं. झाला डोह तयार. खणायला मजूर नको, यंत्र नको, काम नदीच करते. १९३४ मध्ये त्यांनी या सगळ्याची वेगळी हस्तपुस्तिका काढली.

वेळही जुळून आली. जागतिक मंदीत बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी अमेरिकन सरकारने १९३३ मध्ये 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' ही योजना सुरू केली. या तरुणांनी देशभरच्या ओढ्यांमध्ये अशा प्रकारची हजारो बांधकामं केली. एकट्या हेविट यांचं हे श्रेय नाही, मिशिगनमध्येही तेव्हा असंच काम चालू होतं. पण फळ्यांच्या त्या बंधाऱ्याला आजही अमेरिकेत हेविट यांच्या नावाने ओळखतात.

मग ते बरोबर होते का?

अर्धे बरोबर होते, असं म्हणता येईल.

डोह केला की माशाला घर मिळतं. पण घर मिळालं म्हणजे जेवण मिळालं असं नाही. ज्या ओढ्यात अन्न पुरेसं आहे पण आडोसा नाही, तिथे डोहाने फरक पडतो. जिथे मुळात अन्नच नाही, तिथे चार नव्या डोहांमुळे तेच मासे इकडून तिकडे जाऊन बसतात. नंतरच्या काळात जुन्या बांधकामांची तपासणी झाली तेव्हा बरीचशी वाहून गेलेली आढळली आणि त्यांच्यामुळे मासे वाढल्याचा ठोस पुरावा फार ठिकाणी मिळाला नाही. काही बंधारे तर माशांना वर जायला अडथळा ठरले.

मासे सोडण्याचं तर त्याहून वाईट झालं. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात मॅडिसन नदीवर अभ्यास झाला. हॅचरीचे मासे सोडणं बंद केल्यावर तिथल्या जंगली ट्राउटची संख्या वाढली. १९७४ पासून त्या राज्याने जिथे जंगली ट्राउट स्वतःच टिकून आहेत अशा नद्यांत मासे सोडणं थांबवलं. कारण सोपं आहे. ताटात भाकरी एकच असेल, तर पंगतीला आणखी पन्नास जण बसवून कुणाचं पोट भरणार?

पण हेविट यांचा मूळ प्रश्न अचूक होता. नदी किती मासे पोसू शकते, हे अन्नावर ठरतं आणि अन्न कशावर ठरतं हे शोधलं पाहिजे. या प्रश्नाची उत्तरं पुढे वेगवेगळ्या देशांतून आली.

पहिलं उत्तर आयर्लंडमधून. तिथली लिफी नदी विकलो डोंगरातल्या ग्रॅनाइट आणि दलदलीतून निघते आणि खाली चुनखडीच्या मैदानात उतरते. एकच नदी, वरचं पाणी आम्लधर्मी, खालचं चुन्याने समृद्ध. विनिफ्रेड फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० आणि ४० च्या दशकांत दोन्ही ठिकाणच्या ब्राउन ट्राउटचा अभ्यास केला. चुनखडीच्या भागातले मासे कितीतरी भरभर वाढत होते. वरच्या भागातले मासे छोटेच राहत होते.

दुसरं उत्तर न्यूझीलंडमधून. १९४० च्या दशकात के. आर. अॅलन यांनी होरोकिवी ओढ्यातल्या ट्राउटचा हिशोब मांडला. हिशोब काही जुळेना. तळाशी जेवढे किडे मोजले जात होते, त्याच्या कित्येक पट किडे मासे वर्षभरात फस्त करत होते. हे कसं शक्य आहे? उत्तर किराणा दुकानात सापडेल. फळीवर आज किती माल आहे, यावरून दुकानाची वर्षाची विक्री कळत नाही. माल किती वेळा संपतो आणि किती वेळा भरला जातो, हे बघावं लागतं. किड्यांचंही तसंच. एका दिवशी दगड उचलून केलेली मोजणी पुरेशी नसते, वर्षभरात किती पिढ्या निघतात हे महत्त्वाचं. शिवाय काही जेवण पाण्यातलं नसतंच.

म्हणजे तिसरं उत्तर काठावर आहे. दाट झाडीतल्या ओढ्यात ऊन पोहोचत नाही, शेवाळ वाढत नाही. तिथे अन्नाची सुरुवात होते गळून पडलेल्या पानांपासून. पानं कुजतात, त्यांवर बुरशी वाढते आणि किडे ती पानं कुरतडतात. शिवाय झाडांवरचे किडे थेट पाण्यात पडतात. जपानमधल्या होक्काइडो बेटावरच्या एका ओढ्यात शास्त्रज्ञांनी हिशोब केला, तर माशांच्या वर्षभराच्या अन्नापैकी जवळपास निम्मं जमिनीवरून आलेलं होतं. म्हणजे काठावरचं झाड तोडलं की माशाची सावली जाते आणि ताटातला घासही.

चौथं उत्तर थेट खताचं. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर किओ नदीत १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी मोजून मापून खत टाकलं. तिथले छोटे ट्राउट आणि सॅल्मन भराभर वाढले. अलास्कातल्या कुपारुक नदीत फॉस्फरस टाकला तेव्हा आधी शेवाळ वाढलं, मग किडे, मग मासे. पण काही वर्षांनी तिथे तळावर जलशेवाळीचा गालिचा पसरला आणि नदीचा चेहराच बदलला. म्हणजे गरीब नदीला श्रीमंत करता येतं, पण मग ती तीच नदी राहत नाही.

आणि मग शहराला तहान लागली

हेविट नेव्हरसिंकवर बंधारे बांधत होते तेव्हा दूर खाली न्यूयॉर्क शहर फुगत चाललं होतं. लाखो लोकांना प्यायला पाणी हवं होतं. शहराची नजर कॅट्सकिलवर आधीपासून होती. आता डेलावेअर खोऱ्यातल्या नद्यांचा नंबर लागला. न्यू जर्सी राज्याने विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९३१ मध्ये न्यायालयाने शहराला या खोऱ्यातून ठरावीक पाणी उचलायला परवानगी दिली.

आता विचार करा. शहराला पिण्यासाठी कसं पाणी लागतं? ज्यात क्षार कमी, शेवाळ कमी, गढूळपणा कमी. म्हणजे नेमकं तेच पाणी, जे ट्राउटच्या दृष्टीने उपाशी पाणी आहे. हेविट यांना नदीत जी कमतरता दिसत होती, तीच शहराच्या दृष्टीने नदीची सगळ्यात मोठी श्रीमंती होती.

१९४१ मध्ये नेव्हरसिंक धरणाचं काम सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धामुळे ते थांबलं आणि नंतर पुन्हा चालू झालं. १९५३ मध्ये धरणाने पाणी अडवायला सुरुवात केली. नेव्हरसिंक आणि बिटरस्वीट ही दोन गावं पाण्याखाली गेली. लोकांची घरं, शेतं, दुकानं गेली. कधीही न बुडणाऱ्या नावाचं गाव बुडालं. नेव्हरसिंक नावाचं गाव आजही तिथे आहे, पण ते दुसऱ्या जागी वसवलेलं आहे.

हेविट यांच्या मालकीच्या पट्ट्याचाही बराच भाग या जलाशयात गेला. ज्या डोहांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली होती, त्यांच्यावर आता धरणाचं अथांग पाणी उभं राहिलं. तेव्हा त्यांचं वय होतं ८७.

ज्या शहराने ही नदी घेतली, त्याच शहराचे महापौर एकेकाळी त्यांचे वडील होते.

हेविट धरणग्रस्त झाले खरे, पण त्यांना गरीब बिचारे म्हणता येणार नाही. घर आणि शेत गमावलेल्या गावकऱ्यांचं नुकसान त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. हेविट यांच्याकडे पैसा होता, नाव होतं, आठवणी सांगायला पुस्तकं होती. पंचाहत्तर वर्षांच्या मासेमारीच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये आलं होतं. फेब्रुवारी १९५७ मध्ये, वयाच्या नव्वदीत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचं शेवटचं पुस्तकही प्रसिद्ध झालं.

आज नेव्हरसिंकमध्ये काय चाललंय?

नदीची गोष्ट मात्र थांबली नाही.

हेविट यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी आम्ल पावसाचा प्रश्न समोर आला. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचा धूर वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर येऊन कॅट्सकिलवर पावसातून उतरत होता. चुनखडीचा खडक असता तर त्याने आम्ल शोषून घेतलं असतं. इथे चुनाच नाही. नेव्हरसिंकच्या पूर्व शाखेचा वरचा भाग इतका आम्लधर्मी झाला की मातीतला अॅल्युमिनियम पाण्यात उतरला आणि काही ठिकाणी मासे टिकेनासे झाले. १९९० च्या कायद्यानंतर धूर कमी झाला. पण खडक तोच असल्यामुळे नदी सावकाशच सावरते आहे.

दुसरीकडे धरणाने एक अनपेक्षित गोष्टही केली. जलाशयाच्या खोल भागातून सोडलेलं गार पाणी धरणाखालच्या नदीत उन्हाळ्यातही ट्राउटला जगू देतं. जलाशयात ब्राउन ट्राउट आणि सॅल्मनही आहेत. आणि न्यूयॉर्कमधल्या घराघरांतल्या नळांना जे पाणी येतं, त्यात नेव्हरसिंकचाही वाटा आहे. तेही गाळणी प्रकल्पातून न जाता, कारण पाणी मुळातच तेवढं स्वच्छ आहे.

ओढ्यात मासे कमी दिसले की आजही पहिली मागणी हीच होते की मासे सोडा, बंधारा बांधा. हेविट यांनी दोन्ही केलं, मनापासून केलं, खिशातले पैसे घालून केलं. त्यातून जे शिकायला मिळालं ते त्यांच्या बंधाऱ्यांपेक्षा जास्त टिकलं आहे. ओढ्यात किती मासे असतील हे आधी खालचा खडक ठरवतो, मग काठावरचं झाड, मग ऊन आणि पूर. माणसाने सोडलेल्या बोटुकलींचा नंबर या सगळ्यांच्या नंतर लागतो.

आणि ओढ्यात मासे थोडे आणि छोटे असतील, तर दर वेळी त्याचं काहीतरी बिघडलेलंच असतं असंही नाही. काही नद्या गरीबच असतात. नेव्हरसिंक तशीच होती. तिच्या त्या गरीब पाण्यावर आज न्यूयॉर्कसारख्या शहराची तहान भागते आहे.